आडवी फांदी

अंबड चौफुलीच्या अलीकडे, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, कुणीतरी मागून आदिनाथच्या डाव्या खांद्यावर दोन थापा मारल्या आणि त्यानं भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबला. बसमध्ये एकोणचाळीस माणसं होती, बहुतेक बियाण्याच्या कंपनीत निवडणीला जाणाऱ्या बायका. सगळ्या एकदम पुढं गेल्या आणि एकदम मागं आल्या. कुणाचा तरी डबा सांडला, वरणाचा वास बसभर पसरला. मागच्या मालट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचलायचं नाव घेईना. थापा मारणारा इस्माईल, शिफ्टचा मुकादम, एका हातानं वरची दांडी धरून अर्धा वाकला होता. "अरे भाई, सिग्नल सुटला म्हणून सांगून राह्यलो मी," तो म्हणाला, "जल्दी चल म्हणलो. तू तर ब्रेकच मारला." मागून नंदाबाईचा आवाज आला, "आदिनाथराव, रस्त्यात दुसरी नवरी आडवी आली का काय?" बायका हसल्या. कुणाला लागलं नव्हतं. आदिनाथनं गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ब्रेक दाबताना आपण गिअर न्यूट्रलला आणला होता, मान न हलवता वरच्या आरशात पाहिलं होतं, आणि आरशात इस्माईलचा दाढीवाला चेहरा दिसल्यावर आपल्याला क्षणभर फसवल्यासारखं वाटलं होतं.

पुढच्या तीन किलोमीटरमध्ये त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं की होतं असं, झोप कमी झाली असेल, पाय घसरला असेल. पण झोप पुरती झाली होती आणि पाय घसरला नव्हता. पाय जिथं जायला पाहिजे तिथंच बराबर गेला होता. खांद्यावर दोन थापा म्हणजे थांब. एक थाप म्हणजे हळू. तळहात नुसता टेकवून ठेवला तर आहे तसा राहा, श्वाससुद्धा जपून घे. ही भाषा सबंध जालना जिल्ह्यात दोनच माणसांना येत होती, तो आणि त्याची बायको दैवशाला. ती बोलली जायची ती फक्त त्यांच्या जुन्या पांढऱ्या ओम्नीत, रविवारी सकाळी, टेंभुर्णीच्या अलीकडच्या माळांवर, जेव्हा दैवशाला उडत्या शिकारी पाखरांचे फोटो काढायची. शेवटची थाप पडली त्याला एक वर्ष आणि बारा दिवस झाले होते. आपण ते सगळं मागं टाकलं, असं आदिनाथ धरून चालला होता. खांद्यानं तसं धरलं नव्हतं.

एमआयडीसीत रोलिंग मिलांचा धूर थंडीच्या दिवसांत वर चढत नाही, छपरांच्या उंचीवर आडवा पडून राहतो. बायका उतरल्या, इस्माईल जाताना "चाय पी ले, आँख खुलेगी" म्हणून गेला, आणि रिकाम्या बसमध्ये आदिनाथ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. वरणाचा वास अजून होता. दुपारी चारपर्यंत त्याला काही काम नसतं. पूर्वी या वेळात तो कधी कधी ओम्नी काढून पुढच्या रविवारची जागा बघून यायचा: रस्ता कुठं खचलाय, तारेवर कोण बसलंय, हरभरा किती वर आलाय, कुठल्या शेतात उंदरांची बिळं दिसतायत. दैवशाला जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची, तिला आठवड्यातून एकच दिवस मोकळा, आणि त्या एका दिवसातला तासही वाया जाऊ नये असं त्याला वाटायचं. कॅमेरा तिनं एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना घेतला होता, तो मंडपाच्या धंद्यात गेला तेव्हा. लांब भिंग नंतर आलं. पहिल्या वर्षी दोघांनी माळावर चिक्कार पायपीट केली आणि हाती काय लागलं तर पाखरांच्या पाठी. मग एका सकाळी ती चुकून गाडीतच बसून राहिली, आणि तारेवरची कापशी घार वीस फुटांवर तशीच बसून राहिली: पांढरी, राखी, खांद्यावर काळा डाग, आणि लाल डोळा, जत्रेतल्या मण्यासारखा. त्या दिवशी त्यांना कळलं की पाखराला गाडीची भीती नसते, माणसाची असते. दार उघडून एक पाय जमिनीवर टेकवला की दूरचं पाखरूही उडतं. आत बसलेला माणूस त्याच्या हिशेबी माणूस नसतोच.

त्यानंतर गाडीतच सगळं बसवलं. मागचं सरकतं दार हातभर उघडं, मधे आडवी फळी, फळीवर ज्वारी भरलेली थैली. थैली म्हणजे साक्षीच्या, त्यांच्या मुलीच्या, जुन्या जीनचा कापलेला पाय, दोन्ही तोंडं शिवलेला. त्यावर भिंग ठेवलं की हलत नसे. आदिनाथचं काम गाडीचं. पाखराच्या अंगावर सरळ जायचं नाही, तिरपं जायचं, जणू आपण दुसरीकडेच निघालोय. इंजिन बंद करायचं तर लांबच बंद करायचं आणि उतारावर गाडी सोडून द्यायची. पाखरासमोर जाऊन बंद केलं की ते उडालंच. सूर्य तिच्या पाठीशी राहील अशी गाडी वळवायची. बोलायचं अजिबात नाही. कापशी हवेत एका जागी उभी राहून पंख मारायला लागली की मागून कॅमेऱ्याचा किरर्र आवाज यायचा. त्या आवाजाच्या लांबीवरून आदिनाथला कळायचं की साधलं की नाही. छोटा किरर्र म्हणजे फसलं. लांब किरर्र आणि त्यामागून नाकानं सोडलेला श्वास म्हणजे साधलं. त्या वेळी तो पाखराकडे बघत नसे, आरशात बघत असे. आरशात दैवशालाचा एक मिटलेला डोळा दिसायचा, गालावर सुरकुत्यांचा पंखा, आणि ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं जिभेचं टोक, पाचवीतल्या मुलीनं नकाशा काढताना येतं तसं. तेवीस वर्षांच्या संसारात तिचा असा चेहरा त्यानं दुसरीकडे कुठंच पाहिला नव्हता. पाखरं तिची होती. त्याला रविवारी काय मिळायचं हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारलंही नाही.

गेल्या वर्षीच्या थंडीत सर्जेरावाच्या बांधावरच्या बाभळीवर कापशीच्या जोडीनं घरटं केलं. सर्जेराव हा टेंभुर्णीकडचा शेतकरी, वाटेला लागून त्याचं रान, त्यामुळे गाडी उभी करायला हरकत नव्हती. नर उंदीर धरून आणायचा आणि घरट्यापासून थोडं दूर हाक द्यायचा. मादी उठायची, हवेतच त्याच्या खाली जायची, उलटी व्हायची आणि त्याच्या पंजातला उंदीर आपल्या पंजात घ्यायची. सगळा कारभार दोन सेकंदांचा. तो फोटो दैवशालाला हवा होता. चार वर्षं हवा होता. एका रविवारी तिला तो दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा हुकला, कारण घरट्याच्या पुढं एक फांदी आडवी आली होती आणि देवघेव नेमकी तिच्यामागं व्हायची. परत येताना ती मागच्या सीटवर डोकं टेकवून, डोळे मिटून, कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाली, "एवढी एक फांदी नसती तर." आणि झोपली. राजूरपर्यंत ती झोपून होती. आदिनाथ आरशात बघत गाडी चालवत होता आणि ते वाक्य त्याच्या डोक्यात, सायकलच्या चाकात अडकलेल्या काडीसारखं, दर फेऱ्याला वाजत होतं.

त्या गुरुवारी त्यानं बस कंपनीच्या आवारात लावली आणि ओम्नी घेऊन गेला. सर्जेरावाकडून कोयता मागून घेतला. सर्जेरावानं कशाला ते विचारलं नाही, रानात माणूस कोयता मागतोच. गाडी बाभळीखाली लावून तो टपावर चढला. टप आत दबला, त्याचा टण्ण आवाज झाला. तो पोचा अजून आहे. फांदी मनगटाएवढी होती. अकरा घाव लागले. ते त्यानं मोजले नव्हते, पण हाताला मोजलेले राहिले. मादी घरट्यावरून उठली होती आणि डोक्यावर चकरा मारत होती, बारीक आवाजात, शिट्टी फुंकताना मधेच थुंकी अडकावी तसा आवाज. फांदी खाली पडल्यावर त्यानं वर पाहिलं. घरटं लख्ख दिसत होतं. ऊन थेट त्यात उतरलं होतं. फांदी सावलीही होती हे त्याला त्या क्षणी दिसलं, पण दिसणं आणि कळणं यांत त्या दिवशी अंतर होतं. त्याला त्या क्षणी जे कळलं ते एवढंच की रविवारी मागून लांब किरर्र येणार. फांदी त्यानं ओढत ओढ्यात नेऊन टाकली, काटे टोचलेला तळहात चोखत घरी आला, आणि दैवशालानं विचारलं तेव्हा कंपनीत तार लागली म्हणाला.

रविवारी फोटो मिळाला. किरर्र इतका लांब चालला की आदिनाथचा श्वास आधी संपला. नर वर, पंख मागं ओढलेले. मादी खाली, पाठीवर पडल्यासारखी, पंजे वर केलेले. आणि दोघांच्या नखांमध्ये लोंबणारी उंदराची शेपटी, स्पष्ट, केसाएवढी. दैवशालानं तळहात त्याच्या खांद्यावर टेकवला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. साडेतीन तास ते तिथं होते. पुढच्या रविवारी गेले तेव्हा घरटं रिकामं होतं. दोन कावळे शेजारच्या लिंबावर बसले होते. बाभळीखाली एक पिल्लू पडलं होतं, मुंग्या लागलेलं. त्या दिवशी दैवशाला त्या बाभळीपाशी पहिल्यांदा गाडीतून उतरली. तिनं ते रुमालात उचललं आणि बांधाच्या कडेला काडीनं खड्डा करून ठेवलं. गाडीत बसल्यावर तिनं वही काढली. ती दर वेळी वहीत वेळ, जागा, वारा, पाखरं लिहायची. तिनं लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं, वर्गात धडा वाचावा तशा सपाट आवाजात: "गाडी साडेतीन तास घरट्यासमोर. मादी बहुतेक वेळ बाहेर. कावळ्यांना संधी. कारण मी." आदिनाथनं चावी फिरवली. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "कावळ्याचं काय, कावळा कुठंबी जातो." तिनं वही मिटली. संध्याकाळी तिनं कॅमेरा गोदरेजच्या कपाटात, लग्नातल्या शालूंच्या खाली ठेवला, आणि पुन्हा काढला नाही.

वर्षभर कॅमेरा तिथं होता. भिंगाला बुरशी लागते असं आदिनाथनं ऐकलं होतं, म्हणून दर दोन महिन्यांनी, ती शाळेत असताना, तो शालूंच्या खालून पिशवी काढून ओल शोषणाऱ्या पुड्या बदलायचा आणि पिशवी होती तशी ठेवायचा. साक्षी छत्रपती संभाजीनगरला फार्मसी शिकत होती. तिनं तो फोटो फोनवर लावला होता. सुट्टीला आली की दिवसातून पन्नास वेळा तो फोन उजळायचा, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, बाभळीच्या काळ्या खोडावर, नाण्याएवढा पांढरा ठिपका चमकायचा. ताजा तुटलेला लाकडाचा गाभा. कुणाच्या लक्षात येत नसे. आदिनाथला फोटोत पाखरं दिसायची बंद झाली होती, तेवढा ठिपका दिसायचा. दैवशाला आता रविवारी वह्या तपासायची, शेंगा सोलायची, शेजारच्या साधनाबरोबर पापड करायला जायची. ती दुःखी होती असं म्हणता आलं नसतं. ती व्यवस्थित होती. जेवताना खिडकीबाहेर घार ओरडली तर तिचा घास मात्र थांबायचा, मोजून एक क्षण, आणि पुन्हा चालू व्हायचा. आणि आदिनाथ त्या एका क्षणात दर वेळी तोंड उघडायचा आणि मीठ मागायचा.

बसमध्ये ऊन तापायला लागलं तेव्हा त्याला जाणवलं की आपला उजवा पाय अजूनही ब्रेकवर आहे.

संध्याकाळी चहा पिताना तो म्हणाला, "रविवारी टेंभुर्णीकडं जाऊन येऊ."

दैवशालानं वहीतून डोकं वर केलं नाही. "कशाला?"

"ओम्नीची बॅटरी उतरून राह्यली. लांब फिरवावी लागते."

"मंग इस्माईलभाईंना घेऊन जा. त्यांना गाडीतलं कळतं."

"त्याला सुट्टी न्हाई. चल की. नुसतं बसायला."

तिनं एका उत्तराला लाल फुली मारली, मग त्या मुलाची दया आल्यासारखा अर्धा गुण दिला. "नुसतं बसायला येते," ती म्हणाली.

रविवारी पहाटेचं धुकं उठल्यावर ते निघाले. ती पुढं बसली, त्याच्या शेजारी, आणि ते इतकं अनोळखी होतं की गिअर बदलताना त्याचा हात तिच्या गुडघ्याला लागला तेव्हा दोघंही "अं" म्हणाले. आरशात मागची सीट रिकामी दिसत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी होती, मधे मधे हरभऱ्याचे हिरवे तुकडे, कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या. सांगितलं तर काय होईल, हे त्यानं वर्षभर वेगवेगळ्या प्रकारे मांडून पाहिलं होतं. ती रडेल. ती बोलणार नाही. ती माफ करेल आणि त्यानंतर त्याच्याकडे, वर्गात खोटं बोललेल्या मुलाकडे बघतात तसं, जपून बघेल. हे शेवटचं त्याला सगळ्यात कमी सोसणार होतं. पण न सांगितलं तर काय होईल हे त्याला आज कळत होतं, कारण ते शेजारी बसलं होतं, मांडीवर दोन्ही हात ठेवून, नुसतं बसायला आलेलं.

बाभळीपासून शंभर फुटांवर, नेहमीच्या जागी, त्यानं लांबूनच इंजिन बंद केलं आणि गाडी उतारावर सोडून दिली. गाडी थांबते न थांबते तोच बांधावरून सर्जेराव आला. खांद्यावर टॉवेल, हातात कोयता. आदिनाथला त्या कोयत्याशिवाय काही दिसेना.

"मास्तरीणबाई! लई दिवसांनी," सर्जेराव खिडकीशी वाकला. "मला वाटलं बदली झाली तुमची."

"न्हाई हो, बदली कुठं. तुमचं बरं आहे ना?"

"आपलं काय, रान आन् आपण. मी घरी म्हणलं, पाखरं गेली तशा मास्तरीणबाईबी गेल्या. आता पाखरं आली, बघा तुम्हीबी आल्या."

"आली?" दैवशालाचा आवाज बदलला.

"दोन हायेत की. त्याच बाभळीवर काड्या नेऊन राह्यले आठ दिवसापासून. तुम्हाला तार केल्ती का काय त्यांनी?" तो आपल्याच बोलण्यावर हसला. मग आदिनाथकडं वळला. आदिनाथनं स्टिअरिंग घट्ट धरलं. "आदिनाथराव, तुम्ही काऊन गप? हुरडा खायला थांबा, आगटी पेटवतो. शेंगदाण्याची चटणी हाय."

"थांबतो," आदिनाथ म्हणाला.

सर्जेराव कोयता हलवत निघून गेला. त्याला काहीच आठवत नव्हतं. वर्षापूर्वी कुणी कोयता नेला आणि परत आणून दिला, यात आठवण्यासारखं काय होतं? म्हणजे आता ही गोष्ट जगात एकाच माणसाजवळ उरली होती. त्यानं ठरवलं तर ती नव्हतीच. हे कळल्यावर आदिनाथला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. त्याऐवजी त्याला इतकं एकटं वाटलं की त्यानं, गाडीत बोलायचं नाही हा नियम असताना, तोंड उघडलं.

"गेल्या वर्षीची फांदी मी तोडली."

"कोणती फांदी?"

"घरट्यापुढची. आडवी आली होती ती. फोटोच्या आधीच्या गुरुवारी."

दैवशाला समोर, काचेतून, बाभळीकडे बघत राहिली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज प्रयोगवहीत निरीक्षणं लिहून घेताना असायचा तसा होता.

"कशानं?"

"कोयत्यानं. सर्जेरावाच्याच."

"केवढी होती?"

त्यानं स्वतःचं मनगट दाखवलं.

"घरट्यापासून किती?"

"हातभर. दीड हात."

"उन्हाच्या बाजूनं." हा प्रश्न नव्हता. "मादी?"

"वर फिरत होती. वरडत."

"किती वेळ?"

"मी निघेस्तोवर."

"फोटोत खाली पांढरा ठिपका आहे."

"तेच ते."

"मी त्याला बगळ्याची शिट समजले," ती म्हणाली. दूर सर्जेरावानं आगटी पेटवली, गोवऱ्यांचा धूर हरभऱ्यावरून सरपटत आला. "मंग सांगितलं का न्हाई?"

"तू कॅमेरा ठेवून देशील म्हणून."

"ठेवलाच की."

वर्षभर त्यानं जे राखलं होतं ते पहिल्याच संध्याकाळी हातातून गेलं होतं, आणि तरी तो राखत बसला होता. आरशात ती दिसत नव्हती, आरसा मागच्या सीटकडे वळवलेला होता; तिच्याकडे बघायचं तर मान वळवून बघावं लागणार होतं. त्यानं वळवली. ती रडत नव्हती. तिच्या कपाळाला, दोन भुवयांच्या मधे, एक उभी रेघ पडली होती आणि ओठ कसलं तरी वाक्य जुळवत होते.

"मी म्हणले होते," ती म्हणाली. "परत जाताना. एवढी एक फांदी नसती तर, असं. म्हणले होते ना मी?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्याला त्याची सवय होती. "म्हणाली होतीस."

"मी नुसतं म्हणले होते."

"हो."

"माणूस म्हणतं असं. थकलेलं असलं की."

"हो."

तिनं दोन्ही तळहात तोंडावरून खाली ओढले, भाकरीचं पीठ झटकावं तसे. "कारण मी, असं लिहिलं मी वहीत. वर्षभर ते वाक्य घेऊन झोपले. आणि तुम्ही शेजारी." तिचा आवाज इथं पहिल्यांदा हलला, आणि तिनं तो हलू दिला. मग तिनं नाक ओढलं आणि त्याच्याकडे पूर्ण वळून बघितलं. ती जपून बघत नव्हती. वर्गात खोटं बोललेल्या मुलाकडे बघावं तसंही नव्हतं ते. कपाटातली एखादी वस्तू बाहेर काढून उजेडात धरावी तसं होतं. "अहो, मी नुसतं म्हणलं आणि तुम्ही जाऊन तोडून आलात, असं मला न सांगता माझ्यासाठी अजून काय काय केलंय?"

आदिनाथ स्टिअरिंगकडं बघत राहिला. प्रश्नाला इतकी मोठी आतली बाजू असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो तेवीस वर्षं मागं गेला आणि वाटेत त्याला जागोजागी तुटलेल्या फांद्या दिसल्या. त्यानं तिच्या वाटेतलं काय काय गुपचूप बाजूला केलं होतं, आणि दर वेळी त्याला ते प्रेम वाटलं होतं, आणि होतंही, आणि दर वेळी ऊन कुठं पडलं ते बघायला तो थांबला नव्हता.

"तीन गोष्टी," तो म्हणाला.

"सांगा."

"गाडीची बॅटरी चांगली हाय. कॅमेरा मागच्या सीटखाली हाय, पोत्यात गुंडाळून. चार्ज केलेला."

"दिसला मला. पट्टा बाहेर आल्ता पोत्यातून." तिच्या तोंडाचा एक कोपरा किंचित वर गेला. "आणि कपाटातल्या पुड्या कोण बदलतं तेबी माहीत आहे. उंदीर तर बदलत न्हाईत. दुसरी?"

"आई." गोजरबाई, त्याची आई, जाऊन तीन वर्षं झाली होती. "तुझ्या फोटोंचं आईला लई कौतुक हाय, असं मी सांगायचो. आई तसं कधीच म्हणाली न्हाई."

"मंग काय म्हणायच्या?"

"जाऊ दे."

"जाऊ दे न्हाई. सांगा."

"सून घारीच्या मागं, आन् माझं येडं सुनेच्या मागं. असं म्हणायची."

दैवशाला हसली. खरंखुरं, पोटातून, तोंडावर पदर धरून, पाखरांसाठी आवाज दाबत. "मला ऐकू यायचं की सगळं," ती म्हणाली, "आपलं जुनं स्वयंपाकघर पत्र्याचं होतं. आणि तुम्ही बाहेर येऊन सांगायचे, आई म्हणली लई सुंदर." हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि यावेळी ते हसण्याचे की कसले ते तिलाही सांगता आलं नसतं. "तुम्ही सांगताना इतके खूष असायचे, मी तरी कसं म्हणू मला माहीत आहे म्हणून. म्हणजे मीबी तेच केलं."

तेवढ्यात वर हाक आली. दोघांचीही मान एकदम वर गेली. नर ओढ्याच्या बाजूनं येत होता, पंजात काहीतरी लोंबत होतं. दैवशाला थांबली नाही. दार न उघडता, दोन सीटच्या मधून, पंचेचाळीस वर्षांचे गुडघे आणि साडी सावरत ती मागं गेली. पोतं ओढल्याचा आवाज झाला, दार सरकल्याचा झाला, तेही हातभरच. आदिनाथनं पहिल्यांदाच आरशात न बघता काचेतून बघितलं. मादी बाभळीतून उठली, नराच्या खाली गेली आणि उलटी झाली. तिचं पोट इतकं पांढरं होतं. तो इतकी वर्षं याच्या पुढ्यात बसून होता. मागून किरर्र आला, लांब नव्हे, छोटाही नव्हे, आणि संपला.

ती कॅमेऱ्याचा पडदा बघत होती. मग तिनं कॅमेरा पुढं, दोन सीटच्या मधून, त्याला दाखवला. दुसऱ्या बाजूनं वाढलेली एक नवी फांदी, पानांसकट, बरोबर मधे होती. वर नराचा एक पंख, खाली मादीचे पंजे, आणि देवघेव झाली ती जागा हिरव्या पानांमागं.

"फांदी आली मधी," आदिनाथ म्हणाला.

"येऊ दे." तिनं कॅमेरा मांडीवर घेतला. फोटो पुसला नाही. "गाडी मागं घ्या. इतकं जवळ न्हाई थांबायचं आता. त्या मागच्या लिंबापाशी."

त्यानं इंजिन चालू केलं आणि हळूहळू, चाकाखालचं ढेकूळही फुटणार नाही इतक्या हळू, गाडी मागं नेली. लिंबाच्या सावलीत आल्यावर बाभूळ एवढीशी दिसायला लागली आणि पाखरं नुसते दोन पांढरे ठिपके. आगटीवर कणसं भाजल्याचा वास येत होता. सर्जेराव लांबून हात करून बोलवत होता.

"जाऊ त्यांच्याकडं," दैवशाला मागून म्हणाली. "आधी तिसरी सांगा."

तिसरी सगळ्यात जड होती. पुण्याच्या एका स्पर्धेचा निरोप पाच वर्षांपूर्वी त्याच्या फोनवर आला होता: तिचे बाराही फोटो नाकारलेले, खाली दोन ओळींत कारण. त्यानं तिला स्पर्धाच रद्द झाली असं सांगितलं होतं. त्या दोन ओळी त्याला अजून पाठ होत्या, आणि आता इतक्या वर्षांनी त्याला पहिल्यांदा वाटलं की त्या कदाचित तिच्या कामाच्या होत्या.

आदिनाथनं चावी काढून घेतली, सीटवर पूर्ण मागं वळला, आणि सांगायला लागला.